प्रोसेसर का तापतो? आधी निदान, मग कूलर



आजच्या व्याख्यानाची सूचना सावेडीत लागली, तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न आला तो असा : "सर, वाळ्याच्या ताट्या बऱ्या की हनिकोंबच्या?" विचारणाऱ्याचा काही दोष नाही. नगरच्या मे महिन्यात (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले, आमच्या जिभेवर अजून नगरच आहे) कूलर म्हटला की खिडकीतला पाण्याचा कूलरच आठवणार. आज आपण बोलणार आहोत तो कूलर संगणकाच्या पोटात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला असतो. दुसरा प्रश्न जास्त रास्त होता : "तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तुमचा इथे काय संबंध?" संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

आमच्या गुरुवर्यांनी न्यायदर्शनावर दिलेल्या व्याख्यानांच्या एकतीस कॅसेट आमच्याकडे आहेत. गुरुवर्य आज नाहीत. कॅसेटची फीत जुनी झाली की चिकटते, तिच्यावरचा थर सुटू लागतो. पुन्हा पुन्हा वाजवण्याची चैन परवडत नाही. म्हणून त्या एकदाच वाजवून संगणकात घ्यायच्या, खरखर काढायची आणि आवाजाचे लिखाण करणारा प्रोग्राम घरच्याच संगणकावर चालवायचा, असे आम्ही ठरवले. या कामात प्रोसेसर अर्धा-पाऊण तास पूर्ण ताकदीने राबतो. गेल्या मे महिन्यात आम्ही काम सुरू केले आणि संगणक मधेच बंद पडू लागला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. एकदा तर कॅसेट वाजत असतानाच बंद पडला. ती फीत परत सुरुवातीपासून फिरवताना आमच्या पोटात काय झाले, ते तुम्हाला कळेल.

एक जाणकार गृहस्थ म्हणाले, "प्रोसेसर शंभरवर जातोय, कूलर बदला. सरळ वॉटर कूलिंग टाका." आम्ही पैसे काढायला निघालोच होतो. पण मग मनात आले, वर्गात चाळीस वर्षे जी चूक मुलांना समजावून सांगितली, तीच आपण करतो आहोत.

धूर आणि अग्नी

'तर्कसंग्रह' वाचलेल्यांना ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. लालभडक तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येण्यासाठी ओले जळण लागते. या जास्तीच्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

आता हेच इथे लावा. कूलर अपुरा असेल तर प्रोसेसर तापेल, हे खरे. म्हणून प्रोसेसर तापला की कूलर अपुराच, असे होत नाही. तापण्याला पाच-सहा कारणे असू शकतात आणि आकडा मात्र सगळ्यांचा एकच : शंभर. ताप आला म्हणून डॉक्टर लगेच ऑपरेशनची तारीख देत नाहीत, तसेच हे.

उष्णता कुठून कुठे जाते

प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढीची जवळजवळ सगळी उष्णता करतो. शंभर वॉट घेतले म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब जळतो आहे असे समजा. ही उष्णता एका साखळीतून बाहेर पडते : सिलिकॉनमधून वरच्या धातूच्या झाकणात, तिथून पेस्टमधून कूलरच्या तळात, तिथून पत्र्याच्या पात्यांत, पात्यांतून पंख्याच्या हवेत, मग कॅबिनेटच्या बाहेर आणि शेवटी खोलीत. साखळीतली एक कडी जरी अडली, तरी मागे सगळे तुंबते. रस्ता तुंबला की पहिल्याच चौकात गाड्या उभ्या राहतात. अडथळा मात्र चौथ्या चौकात असू शकतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. ८०८६ किंवा ३८६ च्या काळातले प्रोसेसर उघडेच असत, डोक्यावर पंखा नाही. ४८६ च्या पुढच्या वेगवान आवृत्त्यांपासून धातूची पाती आली, पेंटियमबरोबर पंखा घरोघर आला. आज इंटेलच्या आय-७ १२७०० या प्रोसेसरवर मूळ आकडा ६५ वॉटचा असतो, पण जोर लावताना तो १८० वॉटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचा १०५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर १४२ वॉट घेऊ शकतो. खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष खाणे यांत फरक आहे, हे नीट लक्षात ठेवा; कूलर निवडताना ते पुन्हा लागेल.

मोजल्याशिवाय बोलू नका

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प असा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या. लिनक्सवर 'सेन्सर्स' ही आज्ञा आहे. वहीत पाच गोष्टी लिहा : खोलीचे तापमान, संगणक निवांत असतानाचे तापमान, पूर्ण जोरावरचे तापमान, त्या वेळचे वॉट आणि त्या वेळचा वेग.

खोलीचे तापमान का? कारण हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक राखतो. जानेवारीत खोली २४ अंश आणि जोरावर प्रोसेसर ७० अंश, म्हणजे फरक ४६. मे महिन्यात खोली ३८ झाली की तेवढ्याच कामाला तोच कूलर ८४ दाखवणार. कूलर बिघडला नाही, ऋतू बदलला. परदेशातले लोक २२ अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे देतात. ते आपल्याकडे जसेच्या तसे लावून घाबरू नका आणि त्यांच्या भरवशावर निर्धास्तही राहू नका.

मग आजारी कधी म्हणायचे? निवांत असताना ३५ ते ५० आणि जोरावर ७० ते ८५ असेल तर आपल्या हवेत ठीक आहे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. रायझेन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने केलेले आहेत. म्हणून नुसता आकडा बघू नका, वेगही बघा. आकडा मोठा आणि वेगही पूर्ण, तर सहसा चिंता नाही. आकडा मोठा आणि वेग घसरलेला, तर साखळी अडली आहे. आणि वेग घसरवूनही संगणक बंद पडत असेल, तर कडी जवळपास तुटलेलीच आहे असे समजा.

कुठली कडी अडली, हे कसे ओळखायचे

आता आजच्या बोलण्याचा गाभा. तापमान किती वाढले यापेक्षा ते किती वेगाने वाढले, हे जास्त सांगून जाते.

पूर्ण जोर लावल्यावर दोन-चार सेकंदांतच आकडा ४५ वरून १०० वर उडी मारत असेल, तर दोष प्रोसेसरच्या अगदी जवळ आहे. पेस्ट वाळली आहे, कूलर सैल बसला आहे, किंवा कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहिली आहे. हसू नका, पुष्कळांची राहते. उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही, म्हणून एवढी घाई. अशा वेळी कूलरची पाती हाताला कोमटसुद्धा लागत नाहीत.

आकडा पाच-दहा मिनिटांत सावकाश चढत असेल आणि पाती चांगली तापत असतील, तर उष्णता कूलरपर्यंत येते आहे, पुढे जात नाही. पंखा बंद आहे, पात्यांत धूळ आहे किंवा कूलर खरेच लहान आहे.

अर्धा तास ठीक आणि मग हळूहळू वाढ, तर कॅबिनेटमधली हवा बदलत नाही. याची परीक्षा सोपी. कॅबिनेटची बाजूची झडप काढा आणि तेच काम पुन्हा करा. दहा अंश उतरले, तर दोष हवेचा. काहीच फरक पडला नाही, तर हवेला दोष देऊ नका. अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच : कारण असताना कार्य, कारण काढले की कार्य नाही. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. पेस्ट, पंखा आणि जागा एकदम बदलली आणि ताप उतरला, तर गुण कशाचा हे कळणार नाही आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमच्याकडे काय झाले? जोर लावल्यावर तीन सेकंदांत शंभर. झडप काढली, फरक शून्य. पात्यांना हात लावला, गार. म्हणजे दोष अगदी तळाशी. दिवा घेऊन पाहिले, तर कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक निसटून वर आलेली. हिवाळ्यात आम्हीच टेबल माडीवरून खाली आणवले होते, कॅबिनेट आडवे-तिडवे नेले होते. दोष ना प्रोसेसरचा, ना कूलरचा. दोष आमच्या हमालीचा! नवा, महागडा कूलर घेतला असता तर तो नीट बसवल्यामुळे ताप उतरला असता, आणि आम्ही जन्मभर म्हणत राहिलो असतो की जुना कूलर वाईट होता.

पेस्ट, धूळ आणि जागा

कूलर काढला की पेस्ट नवी लावावीच लागते. हे दोन धातू डोळ्याला गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा भरते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. पेस्ट त्या हवेची जागा घेते आणि तिच्यापेक्षा शंभरपटीहून चांगले काम करते. पण तांब्याच्या तुलनेत पेस्टही पन्नासपट वाईट! म्हणून ती खाचा भरण्यापुरतीच हवी, पुरणासारखी भरायची नाही. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. प्रोसेसर लांबट असेल तर मधोमध एक बारीक रेघ. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सूत न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खुंट्या किंवा स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आवळा, म्हणजे दाब सारखा बसतो. एएमडीच्या एएम-४ प्रकारात कूलर ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. आधी संगणक पाच मिनिटे चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून वायर काढा, मग कूलर किंचित पिळत उचला.

धुळीबद्दल नगरकरांना काय सांगायचे! शेजारी बांधकाम सुरू असेल तर दोन महिन्यांत पात्यांवर गोधडी तयार होते. ब्लोअर मारताना पंख्याला बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटसुलट गरगरून त्याची बेअरिंग जाते.

आणि जागा. आपल्याकडे संगणक म्हणजे घरातली मौल्यवान वस्तू, म्हणून त्याला टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवतात आणि वरून भरतकामाचे कव्हर घालतात. प्रेम समजते, पण ते उन्हाळ्यात स्वेटर घातल्यासारखे आहे. साधा हिशेब सांगतो : आत २०० वॉट उष्णता होत असेल आणि मिनिटाला ४० घनफूट हवा बाहेर जात असेल, तर आतली हवा खोलीपेक्षा सुमारे ९ अंश गरम राहते. हवा निम्मी झाली की फरक दुप्पट, १८ अंश. समोरून एक पंखा आत, मागून एक पंखा बाहेर, आणि मागे वीतभर मोकळी जागा, एवढे तरी द्या. लॅपटॉप गादीवर ठेवलात तर त्याचे नाक दाबलेत असे समजा.

पाणी म्हणजे माठ नव्हे

आता वॉटर कूलिंग. या नावाने मोठा गैरसमज होतो. शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. निजामशाहीतला हा महाल १५८३ साली पूर्ण झाला. तो तलावाच्या मधोमध बांधलेला होता. भोवतालच्या पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते आणि वारा गार लागतो. माठ, वाळ्याचा पडदा, खिडकीतला कूलर, सगळ्यांचे गुपित तेच : वाफ. म्हणून माठातले पाणी खोलीपेक्षा थंड होते.

संगणकातल्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी बंद नळ्यांत असते. त्याची वाफ होऊन बाहेर जात नाही. पाणी फक्त हमाल आहे : प्रोसेसरजवळची उष्णता उचलायची आणि रेडिएटरमध्ये टाकायची. तिथे शेवटी पंखा आणि खोलीचीच हवा. म्हणून तोही खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. गंमत म्हणजे साध्या हवेच्या कूलरमध्येही थोडे पाणी असते. त्याच्या तांब्याच्या नळ्यांत कमी दाबावर ते खाली वाफ होते, वर जाऊन पात्यांत उष्णता सोडते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. या नळ्यांना हीट पाइप म्हणतात. त्यांना ना पंप, ना वीज.

मग पाण्याचा उपयोग कुठे? जिथे थोड्या जागेत फार उष्णता आहे तिथे. सी-डॅकने १९९१ साली पुण्यात 'परम ८०००' केला, हे सर्वांना आठवते. पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ मध्ये ७९७ टेराफ्लॉप क्षमतेचा महासंगणक बसला. त्यात प्रोसेसरच्या थेट अंगावरून द्रव खेळवून उष्णता नेतात. त्याचे नाव 'परम ब्रह्म'. निर्गुण, निर्विकार म्हणून जे आम्ही शिकवले, त्यालाही थंड ठेवावे लागते, हे कळल्यावर आम्हाला जरा गंमत वाटली.

तरीही कूलर घ्यायचा असेल तर

खुंटी बसवली, पेस्ट लावली. आता जोर लावल्यावर सुरुवातीला आकडा बरा राहिला, पण काही मिनिटांत पुन्हा शंभरच्या घरात. या वेळी पाती हाताला चटका देत होती. म्हणजे आता खरेच कूलर कमी पडत होता. पाहिले तर प्रोसेसर १६० वॉटच्या पुढे घेत होता आणि डोक्यावरचा कूलर ६५ वॉटच्या बेताचा.

इथे एक फुकटचा उपाय आहे. बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरच्या विजेला मर्यादा घाला. एएमडीमध्ये त्याला इको मोड म्हणतात. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. आम्ही मर्यादा ६५ वॉटवर आणली. एका कॅसेटला ४० मिनिटे लागत होती, तिथे ५० लागू लागली. आकडा मात्र ८० च्या आत आला. आमच्यासारख्या निवृत्त माणसाला दहा मिनिटांची काय घाई? पण लग्नाचे व्हिडिओ करून पोट भरणाऱ्या मुलाला ती दहा मिनिटे म्हणजे पैसा आहे. त्याने कूलर जरूर घ्यावा, फक्त घेण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

एक, सॉकेट कोणते? एलजीए १७००, एएम-४, एएम-५ यांची बसवण्याची पट्टी खोक्यात आहे का? दोन, तुमच्या कामात प्रोसेसर प्रत्यक्ष किती वॉट घेतो? ६५ पर्यंत असेल तर बरोबर आलेला कूलर पुरतो. सव्वाशे-दीडशेच्या आसपास असेल तर १२० मिलिमीटरचा एक पंखा आणि चार-पाच हीट पाइप असलेला एकमनोऱ्याचा कूलर बघा. त्याच्या वर, तासन् तास, असेल तर दोन मनोऱ्यांचा किंवा मोठ्या रेडिएटरचा. तीन, उंची. मनोऱ्याचे कूलर सहसा दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटची झडप लागेल का, आणि पंखा रॅमच्या पट्ट्यांवर आदळणार नाही ना, हे पट्टी घेऊन मोजा. चार, बिघाड झाल्यास काय? हवेच्या कूलरचा पंखा गेला तर साधा पंखा आणून बसवता येतो. बंद पाण्याच्या कूलरचा पंप गेला तर बहुधा सगळेच बदलावे लागते. शिवाय त्याचा पंप सर्वांत उंच जागी येता कामा नये, नाहीतर हवेचा बुडबुडा तिथे अडकतो. हौस असेल तर पाणी घ्या; गरज म्हणून घेणारे थोडे असतात.

आम्ही काय केले? घाई नव्हती, तरी पुढच्या उन्हाळ्याचा विचार करून एकमनोऱ्याचा, हवेचाच कूलर घेतला. वॉटर कूलिंगच्या निम्म्याहून कमी पैशांत भागले. खोली ३४ अंश असताना १२० वॉटवर ७८ अंश, ही नोंद वहीत आहे.

एकतीसपैकी चोवीस कॅसेट आता लिहून झाल्या. अकराव्या कॅसेटमध्ये गुरुवर्य धूर आणि अग्नी समजावून सांगत आहेत, मधेच थांबतात आणि एका मुलाला विचारतात, "उलट का नाही म्हणता येत, सांग पाहू?" तो मुलगा म्हणजे आम्ही. तेव्हा उत्तर आले नव्हते. कॅसेटमध्ये आमची ती शांतता अजून ऐकू येते. निसटलेली खुंटी सापडली त्या दिवशी उत्तर आले असे म्हणा, चोपन्न वर्षे उशिरा का होईना.

तुमचा संगणक तापला तर आधी वही काढा, मग पाकीट.